विकले किती आणि संपले केव्हा?

दुकान वारसाने मिळते. दुकानाचे ज्ञान तसे मिळत नाही. वडील गादीवर बसलेले असतात तोवर कोणत्या घराला कोणता तांदूळ लागतो, कोणत्या गावाची उधारी सुगीनंतर वसूल होते, श्रावणाच्या तोंडावर साबुदाण्याची किती पोती मागवावीत, हे सारे त्यांच्या मस्तकात साठवलेले असते. वहीत असतात ते केवळ आकडे. एके दिवशी गादी रिकामी होते. मुलाच्या हाती किल्ल्या येतात, वह्या येतात, देणी-घेणीही येतात; पण त्या आकड्यांना अर्थ देणारी स्मृती वडिलांबरोबर गेलेली असते.

१९७४ साली जपानची राजधानी तोक्यो येथील तोयोसू या वस्तीत एका तरुणावर नेमका हाच प्रसंग आला होता. वडिलांच्या निधनामुळे मद्यविक्रीचे कौटुंबिक दुकान त्याच्याकडे आले. जपानमध्ये हा त्या काळी परवान्यावर चालणारा, पिढीजात, गल्लीच्या कोपऱ्यावरचा धंदा होता. भोवती मोठमोठी सुपरमार्केटे उभी राहत होती. छोटे दुकानदार भयभीत झाले होते, आणि त्यांच्या दबावामुळे १९७३ साली मोठ्या दुकानांवर निर्बंध घालणारा कायदाही संमत झाला होता. कायद्याने मोठ्यांचा वेग रोखला. परंतु छोट्यांच्या गल्ल्यात त्यामुळे अधिक पैसा पडेल, अशी शाश्वती कोणीही देऊ शकत नव्हते.

त्या तरुणाने एक निर्णय घेतला. इतो-योकादो नावाच्या एका व्यापारी कंपनीने अमेरिकेतील ‘सेव्हन-इलेव्हन’ या दुकानांच्या साखळीशी करार केल्याचे त्याला कळले होते. त्याने आपण होऊन त्या कंपनीला पत्र लिहिले. १५ मे १९७४ रोजी त्याचे जुने दुकान नव्या पाटीखाली उघडले आणि जपानमधील पहिले सेव्हन-इलेव्हन म्हणून इतिहासात नोंदले गेले. त्या दुकानाची पहिली विक्री म्हणजे आठशे येनचा एक गॉगल, असे आजही सांगितले जाते.

व्यवस्थापन माहिती प्रणाली व्यापारी स्पर्धेत कशी उपयोगी पडते, हा प्रश्न बहुधा पाठ्यपुस्तकातील आकृत्यांनी समजावला जातो. चौकोन, बाण आणि संगणकाचे चित्र पाहून व्यापारी माणसाचे समाधान होत नाही. तोयोसूच्या या लहानशा दुकानात मात्र त्या प्रश्नाचे उत्तर मालाच्या रूपाने, अगदी घराच्या मागील खोलीत, साचलेले सापडते.

मागील खोलीतला माल

या उपक्रमाचा सूत्रधार होता तोशिफुमी सुझुकी. तो जन्मजात व्यापारी नव्हता. पुस्तकांचे वितरण करणाऱ्या कंपनीत उमेदवारी केल्यानंतर तो १९६३ साली इतो-योकादोत आला. छोटी दुकाने मोठ्या दुकानांमुळे बुडतात, हे सर्वमान्य मत त्याला पटत नव्हते. छोट्या दुकानाची उत्पादकता कमी आहे, हे त्याचे निदान होते. ती वाढवली, तर छोटे आणि मोठे दुकान एकाच वस्तीत नांदू शकतील, असे तो म्हणे. कंपनीतील ज्येष्ठांचा विरोध असतानाही संस्थापक मासातोशी इतो यांनी त्याला प्रयोगाची मुभा दिली.

पहिला धडा लगेच मिळाला. दुकानात लोक येत होते, विक्री होत होती. पण नफा हाती लागत नव्हता. कारण साधे होते. घाऊक व्यापारी मोठ्या लॉटमध्येच माल देत. एखाद्या वस्तूचे दोन नग विकले गेले की ती पुन्हा मागवताना पूर्ण पेटी घ्यावी लागे. जेमतेम एका मोठ्या खोलीएवढ्या दुकानात शेकडो प्रकारच्या वस्तू आणि प्रत्येकीची पेटी! फळीवर चार नग आणि मागील खोलीत उरलेली पेटी, असा प्रकार सुरू झाला. भांडवल तेथे अडकून पडे. त्यातच या एका दुकानात रोज माल उतरवण्यासाठी सत्तरच्या आसपास वाहने येत, अशी कंपनीची त्या काळातील नोंद आहे.

सुझुकीने घाऊक व्यापाऱ्यांना लहान लॉटमध्ये माल देण्याची विनंती केली. साहजिकच त्यांनी नकार दिला, कारण एका दुकानासाठी पेटी फोडणे कोणालाही परवडणारे नव्हते. मग त्याने दुसरी युक्ती योजली. नवी दुकाने शहरभर विखरून न उघडता त्याच परिसरात, एकमेकांच्या जवळ उघडली. एक पेटी फोडली तर ती पाच दुकानांत वाटता येऊ लागली, आणि एकाच फेरीत वाहन पाचही दुकाने करू लागले. पुढे परस्परांचे कट्टर स्पर्धक असलेल्या दूध कंपन्यांचा माल एकाच गाडीतून आणण्यापर्यंत मजल गेली. सत्तर वाहनांची संख्या कालांतराने बरीच कमी झाली.

येथपर्यंत संगणकाचा संबंध आलेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आधी धंद्याचे धोरण ठरले: थोडा माल, वारंवार, ताजा आणि नेमका. धोरण ठरल्यावरच प्रश्न उभा राहिला की नेमका म्हणजे कोणता? लहान लॉटमध्ये माल मिळू लागला, पण कोणती वस्तू दोन नग मागवावी आणि कोणती बारा, हे कोण सांगणार? माहितीची गरज धोरणातून जन्माला आली. अनेक पेढ्यांवर याच्या नेमके उलट घडते. आधी संगणक येतो, सॉफ्टवेअर येते, आणि मग त्याचे काय करावे याचा शोध सुरू होतो.

एकाच यंत्राचे दोन उपयोग

तोयोसूचे दुकान उघडल्यानंतर सहा आठवड्यांनी, २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटच्या काउंटरवर रिग्ली कंपनीच्या च्युइंगमचे एक पाकीट यंत्रावरून सरकवले गेले. उभ्या काळ्या रेघांचा बारकोड वाचून झालेली ही किरकोळ व्यापारातील पहिली विक्री होय. आज प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर दिसणाऱ्या रेघांचा प्रवास तेथून सुरू झाला.

अमेरिकेतील दुकानांनी या यंत्राकडे प्रामुख्याने काउंटरवरचा वेळ वाचवणारे साधन म्हणून पाहिले. रांग लवकर पुढे सरकावी, किंमत चुकीची लागू नये आणि गल्ल्यावरच्या माणसाकडून गफलत होऊ नये, हे तेथील मुख्य हेतू होते. जपानच्या सेव्हन-इलेव्हनने १९८२ साली तेच यंत्र आपल्या दुकानांत बसवण्यास आरंभ केला, तो वेगळ्या हेतूने. कोणती वस्तू, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या प्रकारच्या गिऱ्हाइकाने नेली, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. पुढे कित्येक वर्षे तेथील विक्रेता पैशाचा गल्ला उघडण्यापूर्वी एक जादा बटण दाबत असे. गिऱ्हाईक पुरुष की स्त्री आणि अंदाजे वय किती, याची ती नोंद होती. सहा-सात क्षणांचे हे काम, पण दिवसाअखेरीस हजार गिऱ्हाइकांच्या पावलांचा नकाशा त्यातून तयार होई. १९८५ नंतर हेच आकडे आलेखाच्या रूपात दुकानदाराला आपल्या पडद्यावर पाहता येऊ लागले.

यंत्र एकच होते, पण एका देशात त्याने पावती छापण्याचे काम केले आणि दुसऱ्या देशात खरेदीचा निर्णय घेण्यास मदत केली. व्यवहाराची नोंद ठेवणारी यंत्रणा आणि व्यवस्थापनाला माहिती देणारी प्रणाली यांतील भेद इतका सरळ आहे. नोंद काल काय झाले ते सांगते. त्या नोंदीला प्रश्न विचारला आणि उत्तरावरून उद्याची खरेदी बदलली, तरच तिची माहिती होते.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी व्यापारी स्पर्धेचे शास्त्र मांडले. १९८० सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी सांगितले की स्पर्धेत टिकण्याचे मूलभूत मार्ग तीन आहेत: इतरांहून कमी खर्चात धंदा करणे, इतरांहून वेगळे काही देणे, किंवा एखादा लहान पण ठरावीक ग्राहकवर्ग निवडून त्याचीच उत्तम सेवा करणे. १९८५ साली व्हिक्टर मिलर यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी या विचाराला माहिती तंत्रज्ञानाची जोड दिली. खरेदी, साठवण, विक्री, वसुली अशा धंद्याच्या प्रत्येक टप्प्यावर माहिती निर्माण होते, आणि तो टप्पा स्वस्त किंवा वेगळा करण्याची शक्ती तिच्यात असते, असा त्या लेखाचा आशय होता.

हा सिद्धान्त इथल्या बाजारपेठेत लावून पाहिला तर तो परका वाटत नाही. भुसार मालाच्या घाऊक व्यापाऱ्याचा मार्ग कमी खर्चाचा आहे. त्याला प्रत्येक पोत्यामागे भाडे आणि हमाली किती पडली, माल गोदामात किती दिवस राहिला आणि पैसा किती दिवसांनी परत आला, ही माहिती हवी. सराफी किंवा लग्नाच्या कापडाच्या पेढीचा मार्ग वेगळेपणाचा आहे. कोणत्या घराने कोणत्या कार्यासाठी काय नेले, त्या घरात पुढचे कार्य केव्हा आहे, त्यांची आवड कोणती, ही तिची संपत्ती. एकाच पिकाच्या शेतकऱ्यांना औजारे व पाइप विकणाऱ्या दुकानदाराचा मार्ग तिसरा. त्याला हंगामाचे पंचांग आणि गावोगावच्या विहिरींचे पाणी ठाऊक हवे. तिघांनीही एकच सॉफ्टवेअर विकत घेतले आणि तिघांनीही त्यातून केवळ विक्रीचा एकूण आकडा पाहिला, तर तिघांच्याही हाती काही लागणार नाही.

जो तोटा वहीत दिसत नाही

सेव्हन-इलेव्हनच्या जपानी पद्धतीला ‘तानपिन कानरी’ असे नाव आहे. एकेका वस्तूचा स्वतंत्र सांभाळ, असा त्याचा साधारण अर्थ. ‘शीतपेयांची विक्री वाढली’ या वाक्याला तेथे किंमत नाही. कोणते पेय, कोणत्या आकाराची बाटली, कोणत्या वेळी, असा विचार होतो. या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग मात्र विकल्या गेलेल्या मालाविषयी नसून न विकल्या गेलेल्या गिऱ्हाइकीविषयी आहे.

एक उदाहरण घेता येईल. एखाद्या फरसाणाच्या दुकानात रोज ढोकळ्याची चाळीस पाकिटे तयार होतात. प्रत्येक पाकिटाचा खर्च ३५ रुपये, विक्री ५० रुपये, नफा १५ रुपये. सोमवारी चाळीसही पाकिटे रात्री दुकान बंद होईपर्यंत विकली गेली. मंगळवारी तीच चाळीस पाकिटे दुपारी बारालाच संपली आणि त्यानंतर पंधरा गिऱ्हाइके रिकाम्या हाताने परत गेली. रोजमेळात दोन्ही दिवस सारखेच लिहिले जातील: चाळीस पाकिटे, दोन हजार रुपये. आकडा एकच, पण दोन दिवसांचे सत्य निराळे आहे. मंगळवारी २२५ रुपयांचा नफा दाराशी येऊन परत गेला, आणि जगातील कोणत्याही खतावणीत त्याचे खाते उघडलेले नाही.

याउलट बुधवारी उत्साहाने पन्नास पाकिटे केली आणि दहा उरली, तर ३५० रुपयांचा तोटा डोळ्यांसमोर दिसतो. टाकून द्यावी लागणारी पाकिटे मालकाला हळहळ लावतात. म्हणून बहुतेक दुकानदार दिसणाऱ्या तोट्याला भितात आणि न दिसणाऱ्या तोट्याचा हिशेबच करत नाहीत. खरे पाहता हा हिशेब सोपा आहे. वाया गेलेले एक पाकीट ३५ रुपयांचे नुकसान करते, परत गेलेले एक गिऱ्हाईक १५ रुपयांचे. म्हणजे एक पाकीट वाया जाणे हे साधारण सव्वादोन गिऱ्हाइके परत जाण्याच्या तोलाचे आहे. ढोकळ्यासारख्या एका दिवसाच्या मालात हात आखडता ठेवावा लागेल. चार महिने टिकणाऱ्या मसाल्यात पारडे दुसरीकडे झुकेल, कारण उरलेला माल उद्या विकता येतो आणि तोटा केवळ अडकलेल्या पैशाच्या व्याजाचा असतो. आणि परत गेलेले गिऱ्हाईक समोरच्या दुकानात कायमचे स्थिरावले, तर पंधरा रुपयांचा आकडा फारच तोकडा ठरेल.

जपानी दुकानदार म्हणूनच ‘विकले किती’ याबरोबर ‘संपले केव्हा’ हेही पाहतो. मात्र यंत्राला येथेही एक मर्यादा आहे. दुपारी बारानंतर ढोकळ्याची विक्री शून्य झाली, एवढेच ते सांगेल. ती मागणी नव्हती म्हणून की माल नव्हता म्हणून, हे त्याला ठाऊक नसते. ते काउंटरवरच्या माणसालाच ठाऊक असते. सुझुकीचा आग्रह म्हणून असा होता की मालाची मागणी मुख्य कार्यालयाने किंवा संगणकाने नोंदवू नये. ती दुकानातल्या माणसाने, प्रसंगी अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यानेही, स्वतः विचार करून नोंदवावी. त्याने आधी एक अंदाज मांडावा, मग माल मागवावा आणि दुसऱ्या दिवशी यंत्राच्या आकड्यांवर तो अंदाज तपासावा. हिवाळ्यात एखादा दिवस अनपेक्षित उबदार जाणार असेल, तर थंड नूडल्सला गिऱ्हाईक मिळेल का? गतवर्षीचे आकडे ‘नाही’ म्हणतील, कारण गतवर्षी हिवाळ्यात ती कोणी ठेवलीच नव्हती. माणूस ‘कदाचित हो’ म्हणेल आणि चार नग मागवून पाहील. याचसाठी हवामानाचा अंदाज रोज अनेकदा प्रत्येक दुकानाला पुरवला जाई.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. एवढी यंत्रणा उभी असतानाही कंपनीचे क्षेत्रीय सल्लागार सात-आठ दुकानांमागे एक, या प्रमाणात नेमलेले असत. ते आठवड्यातून दोनदा प्रत्येक दुकानात जाऊन मालकाशी बसून बोलत आणि ठरावीक दिवशी देशभरातून तोक्योत एकत्र येत. तार, दूरध्वनी, संगणक सारे असताना हा प्रवासखर्च कशासाठी, असा प्रश्न पडेल. आकडा तारेने पोहोचतो. तो पाहून दुकानदाराच्या कपाळावर आठी का पडली, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही.

शिष्याने घेतलेले गुरूचे घर

या सगळ्याचे फळ १९९१ साली दिसले. अमेरिकेतील मूळ कंपनी, डॅलसची साउथलँड कॉर्पोरेशन, कर्जाच्या ओझ्याखाली सापडली होती. १९८७ साली स्वतःचेच भाग परत विकत घेण्यासाठी काढलेले प्रचंड कर्ज तिला पेलले नाही आणि १९९० च्या ऑक्टोबरमध्ये तिने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. तिच्या दुकानांत फळीवर कोणता माल ठेवायचा, हे बऱ्याच अंशी माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांची माणसे ठरवत. दुकानदाराला आपल्याच दुकानात काय खपते याची खरी माहिती नव्हती. मार्च १९९१ मध्ये इतो-योकादो आणि जपानच्या सेव्हन-इलेव्हनने तिचे सुमारे सत्तर टक्के भाग घेऊन ती वाचवली. ज्याने परवाना घेतला होता, तोच परवाना देणाऱ्याचा मालक झाला. २००५ साली उरलेले भागही जपानी कंपनीकडे गेले.

आज जपानमध्ये या साखळीची एकवीस हजारांहून अधिक दुकाने आहेत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत अंधेरी पूर्वेला रिलायन्स समूहामार्फत भारतातील पहिले सेव्हन-इलेव्हन उघडले. तोयोसूहून निघालेली ही गोष्ट आता मराठी मुलखातील किराणा दुकानदाराच्या शेजारी येऊन उभी आहे. दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्या तिच्याही पुढे गेल्या आहेत. कोणत्या इमारतीत संध्याकाळी सहाला दूध मागवले जाते आणि रात्री दहाला आइस्क्रीम, हे त्या कंपन्यांना ठाऊक असते. त्यांची गोदामे त्याच माहितीवर उभी असतात.

माहिती कोणाची?

ही कथा येथेच संपवली तर ती अर्धी राहील. माहितीने साखळीला सामर्थ्य दिले. पण साखळीतल्या प्रत्येक दुकानदाराला ते सारखे मिळाले नाही. शिळ्या होत आलेल्या खाद्यपदार्थांची किंमत उतरवून ते विकावेत, अशी अनेक दुकानदारांची इच्छा होती. कारण फेकून दिलेल्या मालाचा भार मुख्यत्वे त्यांच्याच शिरावर पडे. कंपनी त्याला हरकत घेत असे. जून २००९ मध्ये जपानच्या व्यापार आयोगाने ही अडवणूक अनुचित ठरवून ती थांबवण्याचा आदेश दिला. २०१९ साली मनुष्यबळाअभावी रात्री दुकान बंद ठेवू पाहणाऱ्या एका दुकानदाराचा कंपनीशी झालेला संघर्ष साऱ्या देशात गाजला. त्याच वर्षी १ जुलैला सुरू केलेली कंपनीची मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा काही दिवसांतच चोरट्यांच्या तावडीत सापडली आणि सप्टेंबरअखेर कायमची बंद करावी लागली. गिऱ्हाइकाच्या मनातील ओळखणारी कंपनी गिऱ्हाइकाचा पैसा मात्र सुरक्षित ठेवू शकली नाही.

कोणत्या वेळी किती पाकिटे संपतील हे प्रणाली सांगू शकते. उरलेल्या पाकिटाचा तोटा कोणी सोसावा, हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो माणसांनीच सोडवावा लागतो. मोठ्या कंपनीच्या ॲपवर माल विकणाऱ्या प्रत्येक छोट्या व्यापाऱ्याने हा प्रश्न आरंभीच विचारला पाहिजे: आपल्या गिऱ्हाइकांची नावे, त्यांची आवड, त्यांच्या खरेदीचे दिवस, ही माहिती कोणाच्या ताब्यात राहणार? करार संपला तर ती कोणाबरोबर जाईल? दुकान आपले आणि स्मृती परक्याची, अशी स्थिती आली तर कालांतराने दुकानही आपले राहत नाही.

घरातली न वाचलेली वही

येथील व्यापारी घराण्यांना नोंदींचे महत्त्व शिकवावे लागत नाही. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही यांची शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. दिवाळीला वह्यांचे पूजन होते ते त्याच आदरापोटी. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाल्यावर लहानसहान दुकानांतही संगणकाची बिले आली. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीचे ई-इनव्हॉइस करणे आवश्यक झाले. म्हणजे माहितीचा कच्चा माल आता घरोघरी पडून आहे. तो महिन्याला करसल्लागाराकडे जातो, विवरणपत्र भरले जाते आणि फाइल मिटते. सरकारसाठी ठेवलेली नोंद दुकानासाठी कोणी वाचत नाही.

ती वाचण्याचा आरंभ महागड्या सॉफ्टवेअरने करण्याची गरज नाही. आठवड्यातून एक तास काढून तीन प्रश्न विचारले तरी पुरे. गेल्या नव्वद दिवसांत एकही नग न गेलेल्या वस्तू कोणत्या, आणि त्यांत किती रुपये अडकले आहेत? सर्वाधिक नफा देणाऱ्या वीस वस्तूंपैकी कोणत्या गेल्या आठवड्यात फळीवर नव्हत्या, आणि किती वेळ? पूर्वी नियमित येणारी कोणती गिऱ्हाइके दोन महिन्यांत फिरकली नाहीत? पहिल्या प्रश्नाने अडकलेले भांडवल मोकळे होते, दुसऱ्याने न दिसणारा तोटा दिसू लागतो आणि तिसरा प्रश्न नाते तुटण्याआधी एक दूरध्वनी करण्याची संधी देतो.

याच्या जोडीला काउंटरवर एक साधी वही ठेवावी. गिऱ्हाइकाने मागितले आणि दुकानात नव्हते, एवढेच त्यात लिहायचे: वस्तू, तारीख, वेळ. संगणक जे कधीच सांगू शकणार नाही, ते ही वही सांगेल. महिनाअखेर ती घरातील सर्वांनी मिळून वाचावी.

अनेक घरांत आज एक अबोल तणाव दिसतो. शिकून आलेला मुलगा म्हणतो, सारे संगणकावर घ्या. वडील म्हणतात, चाळीस वर्षे तोंडपाठ हिशेबावर दुकान चालले. दोघेही खरे बोलतात आणि म्हणूनच वाद मिटत नाही. वडिलांजवळ अंदाज आहे, मुलाजवळ तो तपासण्याचे साधन आहे. जपानी पद्धतीत हे दोन्ही एकाच कामाचे दोन भाग मानले गेले. श्रावणाआधी वडिलांनी साबुदाण्याचा आकडा सांगावा आणि तो असा का, हेही सांगावे. मुलाने तो लिहून ठेवावा आणि श्रावण संपल्यावर दोघांनी बसून पडताळून पाहावा. आकडा बरोबर निघाला तर वडिलांचा अनुभव लिखित स्वरूपात घरात राहिला. चुकला तर गावात काय बदलले हे दोघांनाही एकाच वेळी कळले.

तोयोसूच्या त्या तरुणाला असे वडील मिळाले नाहीत. दुकान हाती आले तेव्हा विचारायला कोणी उरले नव्हते, आणि जे ठाऊक नव्हते ते त्याला एकेका नगाच्या नोंदीतून, वर्षानुवर्षे शिकावे लागले. ज्या घरांत आजही सकाळी दुकानाचे कुलूप वडील उघडतात, त्या घरांना एवढी वाट पाहण्याचे कारण नाही. पहिला प्रश्न आज रात्री दुकान बंद करतानाच विचारता येईल: आज काय संपले, आणि किती वाजता?